राजेसाहेबांची शेवटची घोडी

किशनराव मोतद्दारांना जन्मात एकच काम नीट येत होतं, घोडा सांभाळायचं. आणि ज्या हैदराबादेत त्यांनी ते पन्नास वर्षं केलं, त्या हैदराबादेला पुढे पुढे घोडा लागू लागला तो फक्त नवरदेवाला बसवायला. याचं किशनरावांना वाईट वाटत नसे. उलट ते म्हणत, ‘‘शहराची अक्कल गेली तर मी काय करू? माझी घोडी तर ठाणावर आहे.’’

पंच्याण्णव साली त्यांचं वय सहासष्ट होतं. अंगाने काटकुळे, पाठ ताठ, पाय मात्र धनुष्यासारखे वाकलेले. दर शनिवारी बेगम बाजारात जाऊन घोडीच्या चंदीसाठी हरभरे आणायचे आणि दुकानदाराने पुढे केलेला प्रत्येक नमुना दाताखाली फोडून बघायचे. दुकानदार वैतागायचा. ‘‘घोडी को खिलाना है ना चचा, आपको थोडी खाना है,’’ म्हणायचा. त्यावर किशनराव तो नमुना थुंकून दुसऱ्या पोत्यात हात घालत. स्वतःच्या घरी बायको पंचफुलाबाई काय शिजवते इकडे या माणसाने कधी लक्ष दिलं नाही, पण घोडीच्या हरभऱ्यात एक किडका दाणा निघाला तर दिवसभर घुश्श्यात असायचे.

ही घोडी म्हणजे गुलनार. रंगाने कुमैत, म्हणजे गडद तांबूस, कपाळावर टिकलीएवढा पांढरा ठिपका, वय वर्षं चौदा. काचीगुड्यात राजेसाहेबांच्या देवडीमागे, म्हणजे हवेलीमागे, जो तबेला होता, त्यात कधी काळी अकरा घोडे उभे असत. आता ही एकटीच उरली होती. आणि तिच्या एकटीच्या असण्यावर तो तबेला, त्यामागचं मैदान आणि किशनरावांचं सगळं आयुष्य उभं होतं. हे कसं, ते सांगायला थोडं मागे जावं लागेल.

राजेसाहेब म्हणजे राजा विनायकराज बहादूर. जुन्या संस्थानात मालखात्याचे मंत्री होते, मोठा मुत्सद्दी माणूस. दरबारात तोंड उघडायचे ते मोजकं, आणि उघडलं की समोरच्याला घरी जाऊन दोन दिवस अर्थ लावत बसावा लागायचा. पण या एवढ्या मिटल्या तोंडाच्या माणसाचं गुपित त्यांचे घोडे फोडायचे. सरकारी कामाला बग्गी असली तरी रोज सकाळी ते स्वतः घोड्यावर बसून मुसी नदीच्या काठाने फेरफटका मारत, आणि कोणता घोडा कसायचा ते आदल्या संध्याकाळी तबेल्यात येऊन सांगून जात. मन निवांत असलं की मुश्तरी नावाची कुमैत घोडी. कुणाशी दोन हात करायचे असले की दिलेर नावाचा पांढुरका सब्जा. आणि कुणाला ‘नाही’ म्हणायचं ठरलं असलं की फकीर नावाचा म्हातारा काळापांढरा अबलख, जो चालायचा संथ आणि थांबायचा कुठेही नाही. अर्जदार लोक फाटकापाशी पहाटेपासून उभे राहत. फाटकातून अबलख बाहेर पडताना दिसला की निम्मे लोक कागद गुंडाळून घरी जात.

तेव्हाचे मोतद्दार होते किशनरावांचे वडील, दत्तोबा. उदगीरकडचं शेतकरी घर, दुष्काळात हैदराबादेला आलेले. उद्या कोणता घोडा निघणार हे आदल्या रात्री जाणणारा राजेसाहेबांखेरीज हा एकच माणूस. मोठेमोठे जहागीरदार त्यांच्या खोलीवर मिठाईच्या टोपल्या पाठवत. दत्तोबा टोपली परत पाठवत आणि वर निरोप देत, की घोडा अजून ठरला नाही. किशनराव या गोष्टी सांगू लागले की त्यांच्या मानेची शीर फुगायची. बापाच्या तोंडाला कुलूप होतं, एवढाच त्यांच्या घराण्याचा दागिना.

संस्थान गेलं, मंत्रिपद गेलं, राजेसाहेब म्हातारे झाले. पण माणूस मूळचा मुत्सद्दी. आपल्यामागे आपली पोरं काय करतील हे त्यांना आरशात दिसल्यासारखं दिसत होतं. मरण्याआधी त्यांनी वसीयत केली आणि तिच्यात उर्दूत एक कलम घातलं. जोवर माझ्या घोड्यांच्या वंशातला एक जीव या तबेल्यात उभा आहे, तोवर तबेला आणि मागचं मैदान कुणी विकू नये. आणि तो जीव तिथून हलवायचा झाला, तर मोतद्दाराने राजीखुशीने सही दिल्याखेरीज हलवू नये. मुलांचा भरवसा नव्हता म्हणून त्यांनी भरवसा ठेवला तो घोड्यावर आणि मोतद्दारावर. किशनरावांची उर्दू शाळा चौथीपर्यंतच झाली होती, पण हे कलम त्यांना तोंडपाठ होतं. देवळात माणूस स्तोत्र म्हणतो तसे ते खरारा करताना ते पुटपुटत.

मैदान म्हणजे नुसतं मैदान नव्हतं. चिंचेच्या तीन झाडांखाली तिथे राजेसाहेबांचे घोडे पुरलेले होते. दिलेर, फकीर, मुश्तरी. मुश्तरीची लेक नर्गिस तर किशनरावांनी स्वतः पुरली होती, दोन दिवस खड्डा खणून. नर्गिसची लेक गुलनार. ती जन्मली त्या दिवशी देवडीतलं कुणी फिरकलं नाही, फक्त राजेसाहेबांचा नातू अनिरुद्ध धावत आला होता. तेव्हा तो पंचवीस वर्षांचा. ओल्या शिंगराला त्याने आपल्या रेशमी सदऱ्याने पुसलं होतं.

या अनिरुद्धला किशनरावांनी पाच वर्षांचा असताना घोड्यावर बसवलं होतं. पडला तेव्हा उचललं होतं, रडला तेव्हा परत बसवलं होतं. लगाम कसा धरायचा, घोडा घाबरला की आपण काय बोलायचं, घोड्यांच्या सगळ्या चालीरीती, सगळं त्याला यांनीच शिकवलं. तो त्यांना किशनकाका म्हणायचा, हे त्याला छोटे राजे. यांना मूलबाळ नव्हतं. पंचफुलाबाई सणाला पुरण घातलं की पहिली पोळी छोट्या राजांसाठी काढून ठेवायची, आणि चाळिशीला पोचलेले हे छोटे राजेही तबेल्याच्या पायरीवर बसून ती खायचे. किशनराव आतून घोडीशी बोलत राहायचे, छोटे राजे बाहेरून हुंकार द्यायचे.

मग ती वर्षं आली. सगळ्या शहराला एकदम कसली तरी घाई सुटली. घरोघर केबल आली, आबिड्सला काचेची दुकानं आली, ज्याला त्याला परदेशी कंपनीची एजन्सी हवी झाली. अनिरुद्धनेही आबिड्सला ऑफिस थाटलं, दाराशी नवीकोरी गाडी उभी केली आणि कमरेला पेजर लावला. काचीगुड्यातली जुनी घरं रोज एक पडत होती आणि रोज एक अपार्टमेंट उभं राहत होतं. एक बिल्डर तर देवडीच्या भिंतीवरून मैदानात डोकावून जायचा. किशनराव त्याच्याकडे बघत गुलनारला मुद्दाम मैदानात मोकळी सोडत. ती त्या चिंचांखालून एक फेरी मारायची, आणि बिल्डर निघून जायचा.

पण घोडी चौदा वर्षांची झाली होती, आणि किशनरावांच्या जिवाला तोच घोर लागून राहिला होता. घोडं जगून जगून किती जगणार? हिच्यामागे कोण? शिंगरू झालं पाहिजे, आणि ते आता नाही झालं तर पुढे होणार नाही. अनिरुद्धच्या वडिलांना त्यांनी दहा वर्षं सांगितलं, की चांगल्या रक्ताचा घोडा बघा, घोडीला दाखवू. त्यांनी प्रत्येक वेळी ‘बघू’ म्हटलं आणि शेवटी मरून गेले. तबेल्यातला एक कोपरा किशनरावांनी बाळंतिणीच्या खोलीसारखा राखून ठेवला होता. त्यात कधी काही घडलं नाही.

म्हणून श्रावणातल्या एका सकाळी अनिरुद्ध तबेल्याच्या पायरीवर येऊन बसला आणि म्हणाला, ‘‘काका, शामीरपेटच्या रस्त्यावर एक फार्म आहे. अव्वल रक्ताचा घोडा आहे त्यांच्याकडे. मी बोलून ठेवलंय. आपल्या गुलनारला पाठवू या का?’’ तेव्हा किशनरावांच्या हातातला खरारा खाली पडला.

‘‘खरं सांगताय, छोटे राजे?’’

‘‘आजोबांचा वंश माझ्या हातून बुडावा असं मला वाटेल का, काका? एक शिंगरू झालं की अजून वीस-पंचवीस वर्षं या तबेल्याला कोण हात लावतो ते बघतोच मी.’’

बघा कसं असतं ते. माणसाला फसवायचं तर त्याच्या तोंडचा शब्द त्याच्याच पुढ्यात ठेवावा लागतो. किशनराव वर्षानुवर्षं जे बोलत होते तेच त्यांना ऐकवलं गेलं, आणि म्हाताऱ्याचे डोळे भरून आले. अनिरुद्धने खिशातून टाईप केलेला कागद काढला. सगळा इंग्रजी. ‘‘हलवायला तुमची सही लागते ना. आजोबांचा नियम. मी कसा मोडणार?’’

किशनरावांना त्या क्षणी एवढंच कळलं, की सगळं जग कायदे गुंडाळून ठेवत असताना हा पोरगा राजेसाहेबांचा नियम पाळतो आहे. त्यांनी कोटाला हात पुसले, कागद खोगिराच्या पाठीवर ठेवला आणि उर्दूत, सावकाश, एकेक अक्षर वळवून सही केली. कागद वाचून घ्यावा असं त्यांच्या मनातही आलं नाही.

पंचफुलाबाईच्या मनात आलं. ती म्हणाली, ‘‘अहो, कुणाला दाखवून तरी घ्यायचा. कोठीच्या चौकात तो वकील बसतो.’’

‘‘आपल्याच लेकराचा कागद वकिलाला दाखवू? काही तरी बोलू नको.’’

राजेसाहेबांच्या तबेल्यात घोडी नराकडे पाठवायची म्हणजे लेक सासरी पाठवण्यासारखं असे. मोतद्दाराच्या बायकोने तिची ओटी भरायची. पंचफुलाबाईने गुलनारच्या कपाळाला हळदकुंकू लावलं, गळ्यात हिरवा खण बांधला, तांदूळ आणि गूळ तिच्या तोंडाशी धरला. तिने तांदूळ सांडले आणि गूळ खाल्ला. आणि त्यानंतरची रीत अशी, की ज्याने घोडी पोचवली त्याने पुढे चाळीस दिवस तिच्या नजरेस पडायचं नाही. आपला माणूस दिसला की घोडी झुरते, मन तिथे लागत नाही, गाभण राहत नाही, असं दत्तोबांचं म्हणणं होतं. आणि दत्तोबांचं म्हणणं अनिरुद्धला ठाऊक होतं, कारण त्याला ते किशनरावांनीच सांगितलं होतं.

अडचण ट्रकची आली. गुलनार जन्मात ट्रकमध्ये चढली नव्हती. अनिरुद्धने आणलेल्या दोन माणसांनी मोहरकी ओढली, एकाने मागून दोर टाकला, तेव्हा तिने अशी लाथ घातली की तो माणूस बाजूच्या गवतात जाऊन बसला. अनिरुद्ध लांब उभा होता. तो म्हणाला, ‘‘काका, तुम्हीच सांगा तिला. तुमचंच ऐकते ती.’’

किशनरावांनी त्या माणसांना मागे सारलं. दोर सोडले. ट्रकच्या फळीवर आधी स्वतः चढले, आत जाऊन उभे राहिले, हात पुढे केला आणि नेहमीच्या आवाजात म्हणाले, ‘‘चल बेटी. मी आहे ना.’’

घोडीने फळीवर एक पाय ठेवला, काढला, परत ठेवला. मग कान पुढे करून टपटप चढून आली आणि त्यांच्या छातीवर डोकं टेकून उभी राहिली. शामीरपेटपर्यंत ती तशीच उभी होती आणि किशनराव तिच्या कानाशी सांगत होते, की दोन महिन्यांचीच तर गोष्ट आहे, परत न्यायला मीच येणार. फार्मवर एका नोकराच्या हाती मोहरकी देऊन ते रीतीप्रमाणे मागे न बघता निघाले. ती मागून खिंकाळली. दोनदा. त्यांनी पावलं भराभर टाकली.

ते चाळीस दिवस किशनराव नव्या बापासारखे वावरले. राखलेल्या कोपऱ्याला चुना काढला. बेगम बाजारातून जवस आणि मेथी आणून ठेवली. महिना झाला असेल, तेव्हा दोन माणसं मैदानात येऊन फिती लावून मोजमाप करू लागली. किशनरावांनी त्यांना विचारलं, तर म्हणाले, ‘‘सर ने भेजा.’’ यांना वाटलं, तबेल्याचं छप्पर नवं करायचं असणार, शिंगरू येणार म्हणून. त्यांनी त्या दोघांना पायरीवर बसवून चहा पाजला, छपराचं पाणी कुठून गळतं ते नीट दाखवलं. माणसं एकमेकांकडे बघत राहिली. चाळिसाव्या दिवशी देवडीचा कारकून सांगून गेला, की परवा सकाळी बँकेची माणसं तबेला बघायला येतील. ‘‘छपराला कर्ज काढतायत वाटतं छोटे राजे,’’ किशनराव पंचफुलाबाईला म्हणाले. ‘‘एवढा कशाला खर्चात पडतो पोरगा.’’

मला हे लिहिताना सुद्धा त्यांचा राग येतो. इतकं सरळ असू नये माणसाने.

एक्केचाळिसाव्या दिवशी सकाळी ते पहिल्या बसने शामीरपेटला गेले. धुतलेलं धोतर, खाकी कोट, खिशात गुळाचा खडा. फार्मची मालकीण सुजाताबाई नावाची होती, घोडदळातल्या एका डॉक्टरची विधवा, मूळची औरंगाबादची. पैसेवाल्यांची मुलं रविवारी तिथे रायडिंग शिकायला येत. तिने यांना खुर्ची दिली, पाणी दिलं.

किशनरावांनी विचारलं, ‘‘घोडी ठरली का, बाई?’’

‘‘ठरली म्हणजे?’’

‘‘म्हणजे गाभण राहिली का? आपल्या घोड्यापासून.’’

सुजाताबाई हळू आवाजात म्हणाल्या, ‘‘काका, माझ्याकडे नर घोडाच नाही. मुलं शिकतात इथे. घोडे आहेत ते सगळे खच्ची केलेले.’’

किशनराव हसले. त्यांना वाटलं बाईंना त्यांचाच फार्म माहीत नाही. ‘‘छोटे राजे बोलले होते तुमच्याशी,’’ ते म्हणाले.

‘‘बोलले होते. घोडी विकायची आहे म्हणाले. मी विकत घेतली.’’ त्या आत गेल्या आणि एक कागद घेऊन आल्या. टाईप केलेला, खाली वळणदार उर्दू सही. ‘‘ही तुमचीच ना?’’

सही यांचीच होती. सुजाताबाईंनी कागद मराठीत वाचून दाखवला. मी, किशनराव वल्द दत्तोबा, मोतद्दार, राजीखुशीने आणि कुणाच्या दबावाखाली न येता लिहून देतो, की तबेल्यातली शेवटची घोडी माझ्या संमतीने विकली असून ती आता परत येणार नाही. तबेला आजपासून रिकामा आहे. वसीयतीतल्या कलमाची मुदत संपली आहे, त्यावर माझी काही हरकत नाही.

किशनरावांनी दुसऱ्यांदा वाचायला सांगितलं. बाईंनी वाचलं. मग मापं घेणारी माणसं, चुना काढलेला कोपरा, बँक, सगळं त्यांच्या डोळ्यांपुढून गेलं. त्यांना ओरडावंसं वाटलं नाही. कुणी परक्याने गळा कापला असता तर त्यांनी त्याचा हात धरला असता. हा हात त्यांनीच लगाम धरायला शिकवलेला होता, म्हणून तो कुठून आला ते त्यांना दिसलं नाही.

कागद परत देत ते म्हणाले, ‘‘उद्या सकाळी बँकेची माणसं येणारेत. छपरासाठी नाही, तबेला रिकामा आहे का ते बघायला. घोडी आज रात्रीत ठाणावर उभी राहिली तर तबेला रिकामा नाही. कागदाचं काय ते मग वकील बघेल. चालत न्यायची तर सहा-सात तास लागतील. बाई, मला घोडी द्या. तुम्ही जे मोजलं असेल ते माझी बायको पाटल्या मोडून देईल.’’

सुजाताबाई भल्या होत्या. जगात सगळेच काही अनिरुद्ध नसतात. त्या म्हणाल्या, ‘‘पैशाचं मी त्यांच्याशी बघून घेईन. मला फसवणुकीची घोडी नको. आत्ताच फोन करते त्यांना. पण काका, एक सांगते. ती आली तेव्हा आठ दिवस तिने चाऱ्याला तोंड लावलं नाही. फाटकाकडे तोंड करून उभी असायची. आता कुठे सावरली आहे. तिला बांधून, ओढून मी इथून नेऊ देणार नाही. तुमच्याबरोबर आपल्या पायाने आली तर घेऊन जा.’’

‘‘माझ्याबरोबर नाही येणार तर कुणाबरोबर येईल?’’ किशनराव म्हणाले.

गुलनार कुरणात होती. यांनी शीळ घातली तशी तिने मान वर केली, कान टवकारले आणि दुडकत आली. कोटाच्या खिशात तोंड खुपसून गूळ काढून घेतला. त्यांच्या खांद्यावर हनुवटी ठेवली. किशनरावांनी तिच्या आयाळीत बोटं घातली आणि तेवढ्यापुरतं त्यांना वाटलं, काही बिघडलेलं नाही. उद्या बँकेची माणसं येतील, ही चिंचांखालून फेरी मारेल आणि ती माणसं निघून जातील.

‘‘चल बेटी,’’ ते म्हणाले आणि पुढे चालू लागले. ती त्यांच्यामागे आली. कुरण ओलांडून आली, पाण्याच्या हौदाजवळून आली. फाटक उघडं होतं, पलीकडे डांबरी रस्ता, रस्त्यावर एक रिकामा ट्रक कडेला उभा. किशनराव फाटकाबाहेर पडले आणि मागे वळले. घोडी फाटकाच्या आत उभी होती.

‘‘चल बेटी. मी आहे ना.’’

घोडीने त्यांच्याकडे बघितलं, ट्रककडे बघितलं. पुढचे दोन्ही पाय तिने जमिनीत रोवले.

ते परत आत गेले. मान थोपटली, गळ्याखाली खाजवलं. ती त्यांचा हात चाटत राहिली. ते बाहेर गेले की ती तिथेच. सुजाताबाईंनी ट्रक तिथून काढायला लावला. रस्ता मोकळा झाला. तरी ती तिथेच. तासभर हे चाललं. किशनरावांनी आवाज चढवला, लाडीगोडी लावली, रुसल्यासारखं करून लांब चालत गेले. मागे वळून बघितलं तर ती फाटकाशी उभी राहून त्यांना बघत होती, पण पाऊल काही उचलत नव्हती. शेवटी ते रस्त्याच्या कडेला मातीत बसले. मोहरकी त्यांच्या खांद्यावर होती. ती घालून, दोन नोकर लावून, डोळ्यांना टॉवेल बांधून घोडी नेता येते, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? सुजाताबाई आत गेल्या होत्या. नोकर तर जवळ येऊन म्हणालासुद्धा, ‘‘चचा, अम्मा अंदर है. आँखों पे कपडा डालके ले चलते.’’

किशनरावांनी खांद्यावरची मोहरकी काढली आणि म्हणाले, ‘‘नक्को. एक बार झूट बोल के लाया इसको. बस हो गया.’’

त्यांनी मोहरकी नोकराच्या हातात दिली आणि दुपारच्या बसची वाट बघत उभे राहिले.

दिवस मावळायच्या सुमाराला ते काचीगुड्याला पोचले. देवडीच्या फाटकात अनिरुद्ध उभा होता. सुजाताबाईंचा फोन आल्यापासून तो तिथेच येरझाऱ्या घालत असणार, कारण नवा बूट धुळीने भरला होता. किशनराव गल्लीच्या तोंडाशी दिसले तेव्हा त्याने त्यांच्याकडे बघितलंच नाही. त्याची नजर त्यांच्या खांद्यावरून मागे गेली, रस्त्यावर, घोडी येते आहे का ते बघायला. रस्त्यावर एक रिक्षा होती आणि भाजीची गाडी होती. अनिरुद्धने श्वास सोडला. ते किशनरावांना दिसलं.

‘‘काका,’’ तो म्हणाला, ‘‘मी विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता. माझ्यावर किती देणं झालंय तुम्हाला कल्पना नाही. तुम्हाला मी उघड्यावर टाकणार नाही. नव्या बिल्डिंगमध्ये खाली खोली ठेवलीय तुमच्यासाठी. तसं लिहून देतो.’’

पंचफुलाबाई तबेल्याच्या दारात येऊन उभी राहिली होती. तिने अनिरुद्धकडे बघितलंही नाही. नवऱ्याला विचारलं, ‘‘घोडी आली नाही?’’

‘‘नाही आली.’’

‘‘का?’’

किशनराव पायरीवर बसले. चपला काढून बाजूला ठेवल्या. मग अनिरुद्धला उद्देशून बोलले, आवाज न चढवता, त्याला लहानपणी घोडा समजावून सांगायचे त्याच आवाजात.

‘‘छोटे राजे, तुम्ही मला फसवलंत. ते माझं माझ्यापाशी. मी तुमच्या घरचं अन्न खाल्लंय, गिळून टाकीन. पण घोडीला तुमचा डाव कुठे ठाऊक होता? तिला ट्रकमध्ये चढवलं कुणी? मी. परत न्यायला येतो म्हणालं कोण? मी. चौदा वर्षांत मी तिला एक शब्द खोटा बोललो नव्हतो. तुम्ही माझ्या तोंडून बोललात. आता माझ्या हाकेला ती गूळ खायला येते, मागे येत नाही.’’

अनिरुद्धचा पेजर वाजला. त्याने तो बंद केला.

‘‘खोली नको,’’ किशनराव म्हणाले. ‘‘जा तुम्ही. सकाळी बँकेची माणसं आली की त्यांना सांगा, तबेला रिकामा आहे. हवं तर मी पण सांगतो. आता ते खरंच आहे.’’